आली की मारायचं नाही
राणी आज सहा महिन्यांची झाली. औशाकडच्या एका वस्तीवरून आणलेली, कारवान या शिकारी जातीची कुत्री. सगळे म्हणत होते लॅब्राडोर घे. पण लातूरचा मे महिना त्या दाट केसांच्या जिवानं कसा काढायचा? ही इकडच्याच उन्हातली. आखूड केस, लांब पाय, नजर भारी तेज.

त्या नजरेनंच आज घात केला असता. सकाळी शेतात पट्टा सोडला अन् ससा उठला. गळा फाटेस्तोवर हाका मारल्या, तिनं वळून बघितलं नाही. पलीकडं हायवे. ट्रकचा हॉर्न ऐकला अन् माझे पायच गळाले.

दहा मिनिटांनी धापा टाकत आली. माझा हात उठला होता. आई म्हणाली, "मारू नको रे लेकराला. आल्यावर मार बसला तर उद्या येईल का ती?"

खरंच होतं. संध्याकाळी लांब दोरी बांधून अंगणातच सराव घेतला. हाक मारायची, आली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. २० पैकी १४ वेळा आली! (भाकरी पिठल्यात कुस्करून देऊ नका हं, कांदा-लसणानं कुत्र्याचं रक्त कमी होतं.)

आता पायाशी झोपलीय. दोरी अजून माझ्या हातातच आहे.