दिसतं तिथं गळत नाही : आमच्या कार्बोरेटर वर्कशॉपची वाटचाल

आमच्या वर्कशॉपला यंदा एकतीस वर्षं झाली. सुरुवात एका बाकावर झाली. व्हाइस, एअर गन, पितळी ब्रश, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) काढायचे तीन ड्रायव्हर आणि जाड काचेचा एक तुकडा, एवढंच भांडवल. काच कशाला, असं नवी पोरं विचारतात. कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाचं, वरचं झाकण काचेवर पालथं ठेवायचं आणि चारी कोपरे बोटानं दाबून बघायचे. एखादा कोपरा खडखडला की समजायचं, आधीच्यानं स्क्रू जीव खाऊन आवळलेत आणि झाकण वाकलंय. त्याखाली कितीही चांगलं गॅस्केट (सांधा बंद करणारी पातळ चकती) घाला, पेट्रोल ओघळणारच. तीच काच आजही वापरात आहे, एका कडेचा टवका उडालाय तेवढाच.

पहिलं मोठं काम दिलं आबांनी. त्यांचा जुना पेट्रोल ट्रक, इंजिन बंद केलं की कार्बोरेटर वाहायला लागायचा. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, तिघांनीही गॅस्केटच बदललं होतं. मी फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा, काढला आणि कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल डुचमळत होतं. गरम पाण्यात बुडवल्यावर जोडाच्या रेषेवरून बारीक बुडबुड्यांची माळ सुटली. आबा शेजारी वाकून बघत होते. म्हणाले, "अरे, एवढ्याशा भोकानं मला वर्षभर छळलं?" फ्लोट जड झाला की तो वर येत नाही, पेट्रोल थांबवणारी सुई, म्हणजे नीडल, भोकाच्या कडेवर, म्हणजे सीटवर, बसत नाही, पेट्रोल येतच राहतं आणि पेट्रोलची वाटी, म्हणजे बाऊल, भरून बाहेर सांडतं. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, नीट वाळवून मी तो झाळला, जादाचं सोल्डर कानशीनं घासून वजन परत जागेवर आणलं आणि लेव्हल लावली. त्या दिवसापासून आबांनी ट्रकचं बॉनेट दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं कामात गेली. तीन पोरं हाताखाली आली, बाकाचे चार बाक झाले.

मग जवळच एक मोठं गॅरेज उघडलं. नाव घेत नाही. त्यांचा मंत्र एकच : जुनं काढा, नवं बसवा. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, ज्याचा त्याचा धंदा. पण आमच्याकडे सहा ट्रक लावणाऱ्या एका मालकाच्या गाडीला त्यांनी कार्बोरेटरला पेट्रोल पोचवणाऱ्या मेकॅनिकल पंपाच्या जागी इलेक्ट्रिक पंप बसवला. त्या गाडीचा कार्बोरेटर तीन महिन्यांपूर्वी आम्ही ओव्हरहॉल केला होता. पंप बसल्यावर आठवड्याच्या आत, नाक्यावर उभ्या असलेल्या त्या ट्रकच्या बॉनेटखालून धूर आला. पेट्रोल इंजिनच्या तापलेल्या नळ्यांवर, म्हणजे मॅनिफोल्डवर, ओघळून पेटलं होतं. ड्रायव्हरनं वेळेत आग विझवली, माणसाला इजा झाली नाही, पण वायरिंग आणि अर्धं बॉनेट गेलं.

दुसऱ्याच दिवशी त्या गॅरेजमधून बोलणं पसरलं की कार्बोरेटर उघडणाऱ्यानं सील नीट बसवलं नाही. कुणी आमच्याकडे येऊन विचारलंसुद्धा नाही. सहाही ट्रक गेले, मागोमाग इतर गिऱ्हाईक गेलं. एका महिन्यात फक्त दोन कार्बोरेटर बाकावर आले. दोन पोरं सोडून गेली आणि त्यांना थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. रात्री झोप लागायची नाही, सारखं वाटायचं, खरंच माझ्या हातून काही राहिलं का? नीडल मी स्वतः बसवली होती. बाऊल भरून, खाली ब्राउन पेपर अंथरून, तासभर ठेवून बघितलं होतं. कागद कोरडा होता.

तेव्हा आबा उभे राहिले. आपला ट्रक मुद्दाम भरदिवसा आमच्या दारात लावायचे. शेवटी त्या मालकाला समजावून जळलेल्या गाडीचा पंप आणि कार्बोरेटर त्यांनीच आणवला. मी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून प्रेशर गेज लावलं. त्या कार्बोरेटरला ४ ते ६ पीएसआय (दाबाचं माप) पुरे. काटा साडेनवावर जाऊन थांबला. दाब आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर लावलेलाच नव्हता. गाडी पळत असते तेव्हा पेट्रोल खपतं, म्हणून काही कळत नाही. उभी राहिली की खप कमी होतो, दाब चढतो, नीडल सीटवरून ढकलली जाते आणि बाऊल ओव्हरफ्लो होतो. मालकानं गेजकडे बघितलं, मान हलवली आणि निघून गेला. त्याचे दोन ट्रक पुढे परत आले. त्या गॅरेजवाल्यानं मात्र आजपर्यंत एक शब्द मागे घेतलेला नाही, आणि ते मला अजून टोचतं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. गळती शोधताना आधी इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची वायर काढा. ओल खाली दिसली तरी पुसून वरपासून बघत या : इनलेटचा वायसर, झाकणाची कड, ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा). ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढली असेल तर इंजिन सुरू करू नका, आधी ऑइल बदला. गॅस्केटला सीलंट फासू नका, त्याचा तुकडा सुटून जेटमध्ये बसतो. आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुनं रबर टिकत नाही, तेव्हा होज बदलताना त्या पेट्रोलला चालणारीच घ्या. पाण्याची पाइप कापून लावलेली मी पाहिली आहे. असं जिवाशी खेळू नका.

आबा आता नाहीत. ट्रक त्यांची मुलगी चालवते आणि तो आमच्याकडेच येतो. फ्लोट तोच आहे, झाळलेला.

तो इलेक्ट्रिक पंप न्यायला कुणी आलंच नाही. फळीवर ठेवलाय. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी तो त्याच्या हातात देतो आणि गेज लावायला सांगतो. काटा अजून साडेनवावर जातो.