सासऱ्यांच्या कार्यात जावई म्हणून राबताना

माझी बायको व्हिएतनामच्या सोन ला प्रांतातली, काळ्या थाई समाजातली. थाई म्हटलं की सगळ्यांना थायलंड आठवतं, पण हे लोक व्हिएतनामच्या वायव्य डोंगरांतले. 2019च्या जनगणनेत सगळे थाई मिळून 18 लाखांहून जास्त. सासरे गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही हनोईत होतो. सुमारे 300 किलोमीटरचा रस्ता, बराचसा घाटाचा. वाटेत बायको एवढंच म्हणाली, "तिथे पोचल्यावर तुला बसायला मिळणार नाही."

आपल्याकडे सासऱ्यांच्या अंत्यविधीत जावई बहुधा मागे उभा असतो. इथे थोरला जावई म्हणजे सगळ्या कार्याचा कारभारी. 'खोय कोक' म्हणतात त्याला. माझे मोठे साडू ते. अंघोळ घालण्यापासून चितेपर्यंत त्यांचा शब्द चालत होता आणि आम्ही बाकीचे जावई त्यांच्या हाताखाली. मेहुण्यांनी वडिलांजवळ बसून रडायचं आणि आम्ही लाकडं वाहायची, अशी ही वाटणी. मला ती फार शहाणपणाची वाटली. ज्यांचा बाप गेला त्यांना दुःख करायला मोकळं सोडतात.

गावही कामाला लागलं होतं. कुणी तांदूळ आणला, कुणी दारू, कुणी सरपण. लाकडी खांबांवरच्या त्या घराखाली चिकट भाताचं रांधप चाललेलं आणि वर 'मो' म्हणजे त्यांचे विधी सांगणारे म्हातारबाबा आत्म्याला वाट दाखवत होते. माणसाला 80 आत्मे असतात, 30 पुढे आणि 50 मागे, असं हे लोक मानतात. मो सुरात एकेक मुक्काम सांगत होते. बायको माझ्या कानाशी अर्थ सांगत होती: आता हा ओढा ओलांडा, आता ही खिंड. काळ्या थाईंचे पूर्वज मुओंग लोच्या खोऱ्यातून, आजच्या न्गिया लो भागातून, पश्चिमेकडे पसरले. म्हणून जाणाऱ्याने आधी तिथवर उलटं चालत जायचं आणि नाम तोक तातच्या धबधब्यापासून वर, पूर्वजांच्या स्वर्गात, मुओंग फाला चढायचं. आपला माणूस वाट चुकू नये म्हणून ती इतकी बारकाईने सांगणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

सासूबाईंकडे मात्र बघवत नव्हतं. काळ्या थाई बाई लग्नाच्या वेळी डोक्याच्या मधोमध उंच अंबाडा बांधते, त्यात चांदीचा आकडा. तो अंबाडा सोडवून केस खाली मानेवर बांधले होते. आकडा काढलेला.

याच थाईंची दुसरी शाखा, पांढरे थाई, मृताला पुरतात; काळे थाई दहन करतात. त्यांचं दहनाचं रान गावाबाहेर आहे आणि त्यातलं झाड कुणी तोडत नाही. चिता आम्ही जावयांनी रचली. ओंडके आडवे-उभे कसे लावायचे, हवेला जागा कुठे ठेवायची, हे साडू हाताने दाखवत होते, फारसं न बोलता. अग्नीही जावयांच्याच हातचा.

नंतर अस्थी वेचल्या. सावडणं मी वडिलांच्या वेळी कोल्हापुरात केलं होतं, त्यामुळे हात सरावलेले होते. पण आपण अस्थी नदीत सोडतो. इथे त्या धुऊन मातीच्या मडक्यात भरल्या आणि मडकं रानातच पुरलं. वर छोटंसं घर उभं केलं: चार खांब, छप्पर, आत त्यांच्या वापरातल्या वस्तू. मासे धरायचं जाळं मीच ठेवलं. ते विणताना मी त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं. तिथे मला पहिल्यांदा रडू आलं. साडूंनी माझ्या हातातला कोयता काढून घेतला आणि उरलेलं काम त्यांनीच केलं.

आईने फोनवर विचारलं, "दहावं-बारावं कधी?" तसं काही नाही, म्हटलं. घरातल्या पूर्वजांच्या कोपऱ्यात त्यांना बोलावतात आणि ठरलेल्या दिवशी, साधारण दर दहा दिवसांनी, जेवणाचं ताट मांडतात. त्याला पात तोंग म्हणतात. आम्हाला हनोईहून दर वेळी जमत नाही. थोरले मेहुणे मांडतात.