थोरली ८५ की धाकटी ८५: मोठ्या लेन्सच्या निर्णयाची नोंद

यावेळच्या नोंदीत फोटो कमी आणि हिशेब जास्त आहेत. निकॉनच्या दोन लेन्सेस बरेच दिवस डोक्यातून जात नाहीत: झेड ५० मिमी एफ/१.२ एस आणि झेड ८५ मिमी एफ/१.२ एस. मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, ती जितकी मोठी तितकं दृश्य जवळ येतं; एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाचा, तो जितका लहान तितकं भोक मोठं. याच दोन फोकल लेंग्थच्या एफ/१.८ एस माझ्याकडे आहेत, शिवाय २४-१२० एफ/४ झूम आहे. पुढे एफ/१.२ वाल्यांना थोरली आणि एफ/१.८ वाल्यांना धाकटी म्हणतो, म्हणजे दर वेळी आकडे लिहायला नकोत.

मी काय काढतो ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. मुख्य नाद नाटकाच्या तालमींचा. तालमीला रंगमंचाचे दिवे नसतात. खोलीतल्या साध्या उजेडात माणसं हलत असतात आणि मला चेहरे हवे असतात. दुसरा नाद पायी भटकताना दिसेल ते टिपायचा. दोन्हीसाठी धाकट्या लेन्सेस खरोखर चांगल्या आहेत, वाइड ओपनसुद्धा (म्हणजे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून) मधोमध झकास शार्प. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच ठेवला: थोरली आली तर माझे नेमके कोणते फोटो बदलतील?

वजन, आणि ते येतं कुठून

धाकटी ५० म्हणजे ४१५ ग्रॅम, थोरली १०९०. धाकटी ८५ म्हणजे ४७०, थोरली ११६०. म्हणजे ८५ मध्ये फरकच ६९० ग्रॅमचा, जवळपास एका फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीएवढा. इतर माउंटवर (म्हणजे इतर कंपन्यांच्या, लेन्स बसते त्या कड्यावर) आकडे बदलतात, चित्र तेच राहतं. कॅननची आरएफ ५० एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आणि एफ/१.२ एल ९५० ग्रॅमची. सोनीची ५० एफ/१.२ जीएम ७७८ ग्रॅमवर आहे, एफ/१.२ वाल्या तिन्ही ५० मध्ये सगळ्यात हलकी.

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत लेन्समागे आरसा असायचा; मिररलेसमध्ये तो गेला की लेन्स आटोपशीर होतील अशी बऱ्याच जणांची अपेक्षा होती. माझीही होती. पण एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले अ‍ॅपर्चरचा व्यास. त्यामुळे ८५ मिमीला १.२ ने भागलं की ७१ मिमी येतात. पुढून पाहिलं तर अ‍ॅपर्चर निदान एवढं रुंद दिसलंच पाहिजे, बॉडीत आरसा असो वा नसो. धाकटीत तोच भागाकार ४७ मिमीवर थांबतो. आरसा गेल्याने बदललं ते लेन्सच्या मागच्या बाजूला. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचा व्यास ४४ मिमी आणि सेन्सरपासूनचं अंतर ४६.५ मिमी होतं. २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटचा व्यास ५५ आणि अंतर १६ मिमी. डिझायनरला सेन्सरच्या अगदी जवळ मोठ्या काचा ठेवायची मुभा मिळाली आणि त्याने ती पुरेपूर वापरली.

ती कशासाठी वापरली हे कळायला निकॉनची जुनी मॅन्युअल फोकस ५० एफ/१.२ बघावी. तिच्यात ७ एलिमेंट (आतली भिंगं) आणि वजन ४०० ग्रॅमच्या आत. आजच्या थोरल्या ५० मध्ये १७ एलिमेंट. फोकल लेंग्थ तीच, अ‍ॅपर्चर तेच, तरी एलिमेंट दहाने वाढले. जुनी लेन्स एफ/१.२ वर मऊ, धुरकट आणि चमकदार चित्र देते. उजळ कडांभोवती हलकं वलय दिसतं, कोपऱ्यातले दिवे पंख फुटल्यासारखे पसरतात. काहींना हाच स्वभाव आवडतो आणि तो मला समजतो. वाढलेले दहा एलिमेंट ही सगळी गडबड आवरायला आहेत: स्फेरिकल अ‍ॅबरेशन (ते वलय), कोमा (ते पंख), फोकसच्या पुढेमागे दिसणाऱ्या जांभळ्या-हिरव्या कडा. तुम्ही किलोभर वजन उचलता ते बरंचसं या दुरुस्तीचं.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळ्या जागी असायचा. एफ/१.२ किंवा १.४ वर तो थोडा जरी सरकला तरी डोळ्याऐवजी कान शार्प यायचा, आणि मग प्रत्येक लेन्सचं फाइनट्यूनिंग करत बसावं लागायचं. मिररलेसमध्ये चित्र जिथे उमटतं तिथेच फोकस मोजला जातो, वर डोळा ओळखणारं ऑटोफोकस. एवढं मोठं अ‍ॅपर्चर रोजच्या वापरात भरवशाचं झालं ते यामुळे. तसं नसतं तर मी या लेन्सेसचा विचारच केला नसता.

आपलेच जुने फोटो चाळले

ज्यांच्या डोक्यात असा काही बेत आहे त्यांनी हे आधी करावं, रिव्ह्यू बघण्याच्याही आधी. फोटो सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेन्स आणि अ‍ॅपर्चरची चाळणी लावायची आणि आपण प्रत्यक्षात काय वापरतो ते पाहायचं.

माझं ५० चं चित्र लगेच स्पष्ट झालं. भटकंतीतले बहुतेक फ्रेम एफ/४ ते एफ/८ वर. मला माणसाबरोबर मागची भिंत, दुकानाची पाटी, शेजारून जाणारी सायकल हे सगळं वाचता यायला हवं असतं. एफ/१.८ वर काढलेले फोटो फार थोडे, आणि त्यातही जे ठेवावेसे वाटले त्यांत अंधुक मागचं दृश्य हे कारण नव्हतं. थोरली ५० माझ्या हाती एफ/५.६ वर चालणारी किलोभर वजनाची लेन्स झाली असती. तिथेच ती यादीतून गेली.

८५ चं चित्र उलटं. तालमीतले जवळजवळ सगळे फ्रेम एफ/१.८ ला खिळलेले, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, ती चढली की चित्रात नॉइज म्हणजे दाणे वाढतात) ६४०० किंवा त्याहून वर, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास. मी दर वेळी लेन्सच्या टोकाला जाऊन थांबत होतो. हीच खूण मला हवी होती. आपल्या लेन्सचं शेवटचं अ‍ॅपर्चर आपण सतत वापरत असलो आणि तरी आयएसओ चढतच असेल, तर मोठ्या लेन्सचा विचार करण्यात अर्थ आहे.

एफ/१.८ वरून एफ/१.२ वर गेलं की प्रकाश सव्वादोन पट येतो. आयएसओ ६४०० चे साधारण २८०० होतात, किंवा आयएसओ तसाच ठेवून शटर १/२०० वरून १/४५० पर्यंत नेता येतो. हातवारे करणाऱ्या नटासाठी दुसरा उपयोग मला जास्त मोलाचा. नॉइज काढणारी सॉफ्टवेअर आता इतकी सुधारली आहेत की केवळ नॉइजसाठी थोरली घ्या असं मी कोणालाच सांगणार नाही. हललेला हात मात्र कुठलंही सॉफ्टवेअर मनासारखा थांबवत नाही.

थोरली ८५ तालमीत

एका मित्राने त्याची लेन्स विश्वासाने वापरायला दिली, त्याचे आभार मानावे तेवढे थोडे.

एक फ्रेम सविस्तर सांगतो. एक मुलगी पायरीवर बसून संहिता वाचत होती, उजेड फक्त बाजूच्या टेबललॅम्पचा. अंतर अंदाजे दोन मीटर. एवढ्या अंतरावर ८५ एफ/१.२ ची शार्प पट्टी (पुढेमागे जेवढी जागा फोकसमध्ये राहते ती) जेमतेम ४ सेंटीमीटर असते, एफ/१.८ वर ती ६ होते. कॅमेऱ्याने जवळचा डोळा पकडला. पूर्ण मोठं करून पाहिलं तर वरच्या पापणीचे केस सुटे सुटे मोजता येतात, दूरचा डोळा नुकताच मऊ व्हायला लागलेला, कानातला डूल पूर्ण विरघळलेला. मी सगळ्यात जास्त वेळ पाहिला तो कागदाचा काठ. लॅम्पच्या उजेडात पांढरा कागद आणि मागे काळोख, म्हणजे रंगीत कडा दिसायची हमखास जागा. धाकटीत तिथे हिरवट छटा येते आणि ती नंतर काढावी लागते. इथे काठ स्वच्छ होता.

मग तोच फ्रेम थोरलीवर एफ/१.८ ठेवून काढला, आणि खरा फरक मला तिथे सापडला. खोलीच्या मागच्या भिंतीवर छोट्या दिव्यांची माळ होती. धाकटीवर एफ/१.८ ला फ्रेमच्या कडेचे दिवे मांजराच्या डोळ्यासारखे लांबट होतात, कारण तिरका येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो. थोरली त्याच एफ/१.८ वर कडेपर्यंत जवळजवळ गोल ठेवते, आणि कोपऱ्यांतला अंधारही कमी. सारखाच आकडा, सारखंच अंतर, तरी मागचं दृश्य जास्त शांत. मोठ्या काचेचा फायदा फक्त शेवटच्या अ‍ॅपर्चरपुरता नसतो, मधल्या अ‍ॅपर्चरवरही तो मिळत राहतो. ज्यांना हेच सगळ्यात जास्त हवं आहे त्यांनी निकॉनची १३५ एफ/१.८ प्लेना नक्की पाहावी. कोपऱ्यापर्यंत गोल दिवे हाच तिचा मुख्य हेतू आहे.

दोन नट एका फ्रेममध्ये आले की गणित फिरतं. पाच मीटरवर एफ/१.२ ची पट्टी साधारण २५ सेंटीमीटर. एक पुढे, एक मागे उभा असेल तर एकाचाच चेहरा मिळतो. अशा वेळी मी एफ/२.८ वर गेलो, तेव्हा अर्ध्या मीटरहून थोडी जास्त जागा मिळाली. म्हणजे समूहदृश्यांत थोरलीचा प्रकाश माझ्या कामाचा नाही. तालमीत समूहदृश्यं भरपूर असतात, हे लक्षात ठेवूनच निर्णय घ्यायचा होता.

वजनाचं सांगायचं तर डावा तळवा लेन्सखाली नीट बसला की हातात धरून त्रास नाही, उलट जड लेन्स स्थिर राहते. त्रास जाणवतो तो वाट बघताना. पट्ट्याला लटकवलं की कॅमेरा लेन्सच्या बाजूने खाली झुकतो, म्हणून एक हात कायम आधाराला. माझ्या छोट्या ट्रायपॉडचा बॉलहेड (कॅमेरा बसतो तो वरचा फिरता भाग) घट्ट केल्यावरही फ्रेम हळूहळू खाली सरकत होती. लेन्सबरोबर हेडही बदलावं लागणार, आणि ८२ मिमीचे फिल्टरही घ्यावे लागणार, धाकटीला ६७ चे चालतात. हे सगळं खर्चात धरा.

ज्यांच्याकडे ७०-२०० एफ/२.८ आहे त्यांच्यासाठी

दूरचं दृश्य किती अंधुक होणार हे, माणूस फ्रेममध्ये तेवढाच मोठा ठेवला तर, अ‍ॅपर्चरच्या मिलिमीटरमधल्या व्यासावर ठरतं. ८५ ला १.२ ने भागून ७१ येतात. २०० ला २.८ ने भागूनही ७१ च येतात. म्हणजे मागे सरकायला जागा असेल तर २०० मिमीवर तुम्हाला तसाच विरघळलेला मागचा भाग आत्ताच मिळतो आहे. केवळ त्यासाठी थोरली ८५ घेऊ नका. प्रकाश मात्र पाचपट कमी, आणि चेहऱ्याकडे पाहण्याची जवळीक वेगळी. माझी तालमीची खोली लहान आहे, तिथे २०० मिमी चालत नाही.

थांबावं का?

हा विचार मी गांभीर्याने केला. सोनीची पहिली २४-७० एफ/२.८ जीएम २०१६ मध्ये ८८६ ग्रॅमची आली आणि २०२२ ची दुसरी आवृत्ती ६९५ वर उतरली. ७०-२०० जीएम १४८० वरून १०४५ वर. सिग्माची डीएसएलआरची ८५ एफ/१.४ आर्ट ११३० ग्रॅमची होती, २०२० मध्ये मिररलेससाठी नव्याने आखलेली साधारण ६३० ची. कॅननचं उदाहरण वेगळ्या वाटेचं: आरएफ २८-७० एफ/२ एल १४३० ग्रॅमची, आणि एक स्टॉप (म्हणजे अर्धा प्रकाश) सोडून दिला तर २०२४ ची २८-७० एफ/२.८ एसटीएम ४९५ ची. झूमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या पिढीची भारी झूम आज नव्याने घ्यायची घाई करू नये.

एफ/१.२ प्राइमला (एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सला) हा नियम तितका लागू होत नाही. ७१ मिमीची काच ७१ मिमीचीच राहणार. पुढची आवृत्ती शंभर-दोनशे ग्रॅमने हलकी होईलही, तोवर होणाऱ्या तालमी परत होणार नाहीत.

तर आजची स्थिती अशी. थोरली ५० नाही. थोरली ८५ घेतो आहे, फक्त तालमींसाठी. धाकटी ८५ विकत नाही, कारण भटकंतीला आणि समूहदृश्यांना तीच बरोबर येणार, आणि ४७० ग्रॅमची लेन्स बॅगेत आहे हे विसरताही येतं.

लेन्स हाती आली की परत करायची मुदत संपायच्या आत डीसेंटरिंगची तपासणी करणार आहे. अंधाऱ्या खोलीत लांबवर एक छोटा दिवा ठेवायचा, मॅन्युअल फोकस करून तो मुद्दाम आउट ऑफ फोकस करायचा, आणि फोकस न हलवता चारही कोपऱ्यांत आणून फ्रेम घ्यायचे. चारही ठिकाणचे गोळे मध्याकडे सारखेच झुकलेले दिसले पाहिजेत. एखादा कोपरा वेगळा आला तर काचा सरळ बसलेल्या नाहीत असं समजून ती प्रत बदलून मागणार. मग एफ/१.२, १.८ आणि २.८ वर धाकटीशी शेजारी-शेजारी तुलना. ते फ्रेम पुढच्या नोंदीत टाकतो.