कारांगाहाके : सोन्याच्या खाणीच्या खिडक्यांमधून

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून दोनेक तासांवर, पाएरोआ आणि वाइही या गावांच्या मधोमध कारांगाहाकेची घळ आहे. सहा वर्षांची लेक आणि भारतातून आलेल्या सासूबाई, अशा दोघींना झेपेल असा ट्रेक हवा होता, म्हणून तिथला 'विंडोज वॉक' निवडला. ही फेरी तासाभराची सांगतात. आम्ही रमतगमत दोन तास घेतले. लहान मुलं असतील तर तेवढे धराच.

पार्किंगपासून झुलत्या पुलांवरून नद्या ओलांडल्या की बॅटऱ्यांचे अवशेष सुरू होतात. बॅटरी म्हणजे इथे दगड कुटायचा कारखाना. लोखंडी स्टँपर एका ओळीत वर उचलले जायचे आणि दगडावर आदळायचे. हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे उखळ-मुसळच की!" मग लेकीला वेगळं काही समजवावं लागलंच नाही.

इथलं सोनं क्वार्ट्झमध्ये, म्हणजे गारगोटीच्या दगडात, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक होतं. आधी पारा वापरून ते काढायचे, पण बरंचसं हाती न लागता गाळाबरोबर जायचं. मग १८८९ मध्ये इथल्या क्राऊन खाणीत सायनाइडची पद्धत वापरली गेली. खाणीवर प्रत्यक्ष वापर होण्याची जगातली ही पहिलीच वेळ. कुटलेला दगड सायनाइडच्या सौम्य द्रावणात ठेवला की सोनं विरघळतं आणि पुढे जस्तावर जमा होतं. हे माहीत असलं की शेवाळलेल्या काँक्रीटच्या भिंतींपाशी पाय आपोआप रेंगाळतात. माझ्या मते खरी मजा तिथेच आहे, खिडक्या त्यानंतर.

खिडक्या म्हणजे कड्याच्या पोटातल्या बोगद्याला पाडलेली भगदाडं. नको असलेला दगड तिथून खाली घळीत लोटायचे. आता तिथून खोल खाली वाइतावेता नदी दिसते. मुलांचा हात सोडू नका.

आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर भागवलं, ती चूक झाली. एका हातात फोन, दुसऱ्या हाताला लेक, मग आधाराला हात उरत नाही. डोक्याला बांधायचे टॉर्च न्या, माणशी एक. मधेच सगळे बंद करून बघा, नशिबात असेल तर ग्लोवर्मचे, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या किड्यांचे, निळसर ठिपके दिसतात. वाटेत पायऱ्या आहेत. सासूबाई गुडघ्याला पट्टा बांधून सावकाश चढल्या, पण बाबागाडी घरीच ठेवा. बाजूच्या बंद बोगद्यांत शिरू नका. दरडींमुळे वाट अधूनमधून बंद असते, तेव्हा निघण्याआधी डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनच्या (इथल्या सरकारी निसर्गसंवर्धन खात्याच्या) साइटवर बघून घ्या.

पायात बळ उरलं असेल तर जुन्या रेल्वेचा सुमारे १.१ किलोमीटरचा बोगदाही चालता येतो. तिथे सायकली येतात, एका कडेने चाला. आम्ही तो सोडला आणि गाडीने जवळच्या वाइकिनोला व्हिक्टोरिया बॅटरी बघायला गेलो. तिथे २०० स्टँपर होते. सासूबाई पायाच्या दगडांसमोर बराच वेळ उभ्या होत्या. "दोनशे मुसळं एकदम," म्हणाल्या, "गावात झोप कुणाला लागत असेल?"