छोट्या विमानाने कॅनडावरून अलास्काला

वॉशिंग्टन राज्यातून अलास्काला एका इंजिनाच्या छोट्या विमानाने जायचं, तर कॅनडात उतरण्यावाचून सहसा गत्यंतर नसतं. इंधन तेवढं पुरत नाही. आणि उतरलात की दोन्ही देशांचे कस्टम्स आलेच. आम्ही बेलिंगहॅमहून निघालो. ॲबट्सफर्ड, प्रिन्स जॉर्ज, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक आणि व्हाइटहॉर्स असे थांबे घेत नॉर्थवेला अलास्कात शिरलो.

सीमेवर बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. तीच माहिती तीन जणांना वेगवेगळी द्यावी लागते आणि एकाला सांगितलेलं दुसऱ्याला आपोआप कळत नाही. अमेरिकन कस्टम्सच्या ई-ॲपिस या संकेतस्थळावर प्रवाशांची यादी उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी भरायची आणि परवानगीची ईमेल आल्याशिवाय निघायचं नाही. कॅनडाच्या कस्टम्सच्या टेलिफोन केंद्राला पोहोचण्याच्या किमान २ तास आणि जास्तीत जास्त ४८ तास आधी फोन करायचा. तिसरा फ्लाइट प्लॅन, म्हणजे उड्डाणाच्या मार्गाची आणि वेळेची हवाई वाहतूक यंत्रणेकडे केलेली आगाऊ नोंद. तो सीमा ओलांडताना सक्तीचा आहे आणि हवाई वाहतूक नियंत्रकाने दिलेला ट्रान्सपॉन्डर कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा आकडा) लावूनच पलीकडे जायचं, छोट्या विमानांचा नेहमीचा सामायिक १२०० चालत नाही. बेलिंगहॅम ते ॲबट्सफर्ड हे अंतर इतकं थोडं आहे की हवेत असताना यातलं काही उरकायला वेळच मिळत नाही. सगळं जमिनीवरच संपवा. कॅनडात उतरल्यावर पायलटने त्याच केंद्राला पुन्हा फोन करून रिपोर्ट नंबर घ्यायचा, तोवर कोणीही विमान सोडायचं नाही. तो नंबर लिहून ठेवा.

विमानाच्या नेहमीच्या कागदांशिवाय विमानाचा रेडिओ परवाना आणि पायलटचं रेडिओ परमिट हवं. देशांतर्गत उड्डाणाला ही दोन्ही लागत नाहीत, त्यामुळे नेमकी तीच राहतात. विमा कॅनडात लागू आहे ना, हे लेखी घ्या. अस्वलांच्या भीतीने पिस्तूल बरोबर घेऊ नका. अस्वलांसाठीचा फवारा न्यायचा असेल तर हवाबंद डब्यात ठेवा, कारण तो कॉकपिटमध्ये फुटला तर पायलटला काही दिसणार नाही.

आता वाटेबद्दल. ब्रिटिश कोलंबियातल्या मॅकेन्झीपासून वॉटसन लेकपर्यंत रॉकी माउंटन ट्रेंच नावाची लांब, सरळ दरी आहे. ती जवळची वाट आहे, पण बराच भाग निर्मनुष्य आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने अलास्का हायवेच धरावा, असं मी आग्रहाने सांगेन. दुसऱ्या महायुद्धात इथे आधी धावपट्ट्यांची साखळी उभी राहिली आणि १९४२ मध्ये बांधलेला हा रस्ता तिला जोडत गेला. याच वाटेने जवळजवळ ८ हजार लढाऊ आणि मालवाहू विमानं सोव्हिएत संघाकडे गेली. म्हणून आजही रस्त्याच्या कडेकडेने गेलं की पुढचा विमानतळ सापडतोच, आणि इंजिनाने दगा दिला तर खाली माणसं असतात. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा सुमारे २०० नॉटिकल मैलांचा टप्पा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवा. रस्ता समिट पास या खिंडीपाशी सुमारे १,३०० मीटरवर चढतो, ढग तिथेच बसतात. मंचो लेकचं हिरवंनिळं पाणी वरून पाहताना मन हरखून जातं, पण खिंड पलीकडपर्यंत उघडी दिसत नसेल तर आत शिरू नका. फोर्ट नेल्सनला एक दिवस जास्तीचा धरूनच निघा.

इंधन लिटरमध्ये मिळतं. ४० अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे १५१ लिटर. पंप कधी चालू असतो, ते आदल्या दिवशी फोनवर विचारा.

पुन्हा अमेरिकेत शिरताना खरी गफलत घड्याळाची होते. व्हाइटहॉर्स ज्यात आहे त्या कॅनडाच्या युकॉन प्रदेशाने २०२० पासून घड्याळ मागेपुढे करणं बंद केलंय. उन्हाळ्यात व्हाइटहॉर्स अलास्काच्या एक तास पुढे असतं. कस्टम्सना दिलेली वेळ नॉर्थवेचीच आहे ना, हे दोनदा तपासा आणि निघण्याआधी तिथल्या अधिकाऱ्यांशी फोनवर बोला. फ्लाइट प्लॅन बंद करायला, म्हणजे सुखरूप पोहोचल्याचं कळवायला, अमेरिकेत अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटंच मिळतात, कॅनडात एक तास. कस्टम्सच्या तपासणीत तेवढा वेळ सहज जातो, म्हणून धावपट्टी दिसताच रेडिओवरच तो बंद करून घ्या.