कार्ड एकटं येत नाही

आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर सहसा कुरकुर करत नाही. मेल, यूट्यूब, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं निमूट चालतं. नवा गेम टाकला की मात्र अडखळायला लागतो आणि घरात ठराव येतो: बाकी सगळं ठीक आहे, फक्त ग्राफिक्स कार्ड बदलू. या ‘फक्त’वर फार भरवसा ठेवू नये. नवं कार्ड जावयासारखं असतं. येतं एकटंच, तारांबळ मात्र सगळ्या घराची उडते.

आपल्याकडे सर्रास दिसणारी जोडणी घेऊ. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅम आणि २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. ते बिचारं ६० वॅटमध्ये भागवायचं. आता ऑक्टोबर २०२५नंतर ते बनवणाऱ्या एनव्हिडियानेही त्याला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं थांबवलंय, म्हणजे बदलायची वेळ झाली हे खरंच.

तरी पाकीट काढण्याआधी खरा गुन्हेगार कोण ते बघावं. कार्ड आणि प्रोसेसर किती वापरात आहेत ते दाखवणारा एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम लावून नेहमीचा गेम अर्धा तास खेळायचा. कार्डाचा वापर ९७-९९ टक्क्यांवर चिकटून असेल तर दोष कार्डाचा. तो साठ-पासष्टवर रेंगाळतोय आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभरावर, असं असेल तर नवं कार्ड घेऊन फारसा फरक पडणार नाही. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८०वरून ७२०वर आणावं. फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, जागचा हलला नाही तर अडसर प्रोसेसरचा. अशा वेळी त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खोबणीत) बसणारा जुना आय-सेव्हन ४७७० जास्त कामाला येतो, त्यात चाराचे आठ थ्रेड होतात, म्हणजे एकाच वेळी आठ कामं. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी लावून ड्युअल चॅनेल करून टाकावं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकदम राबतात. हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि बहुतेकांना सगळ्यांत शेवटी सुचतो.

कार्डच बदलायचं ठरलं तर आधी कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचं, स्टिकर वाचा. त्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ असतं, त्याकडे दुर्लक्ष करायचं. बारीक अक्षरांत +१२ व्होल्टचा रकाना असतो, तो महत्त्वाचा. तिथे १५ अँपिअर लिहिलं असेल तर पंधरा गुणिले बारा, झाले १८० वॅट. त्यातले ८४ प्रोसेसरचे धरा. उरलेल्या शंभरेकात पंखे, हार्ड डिस्क आणि कार्ड. आरएक्स ६६०० हे कार्ड एकटं १३२ वॅट मागतं. गणित तिथेच संपलं.

मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनांच्या वायरीतून आणखी ७५, आठ पिनांच्या वायरीतून १५०. स्वस्त एसएमपीएसला ही वायर नसतेच. मग दुकानदार साटाची (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीची) ६ पिन करणारा कन्व्हर्टर हातावर ठेवतो. तो साभार परत करावा. साटाच्या प्लगात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे जेमतेम ५४ वॅट. त्यातून ७५ ओढले की प्लास्टिक मऊ पडतं आणि जळका वास येतो. दोन मोलेक्स (जुने चार पिनांचे प्लग) जोडून केलेला कन्व्हर्टर त्या मानाने बरा. पण ज्या एसएमपीएसला कंपनीने ६ पिनांची वायरच दिली नाही, त्याची कुवत कंपनीनेच सांगून ठेवली आहे. एक तर नावाजलेल्या कंपनीचा ५०० वॅटच्या आसपासचा एसएमपीएस घ्या, नाही तर स्लॉटवरच चालणारं कार्ड: जीटीएक्स १६५० किंवा आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं. १६५०मध्येही काही मॉडेलना ६ पिनांची जागा असते, फोटो नीट बघून घ्यावा.

दुसरी मेख स्लॉटची. एच८१वरचा लांब स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० या जुन्या, संथ पिढीचा असतो. पूर्ण १६ लेन (डेटा जायच्या वाटा) वापरणाऱ्या १६५०ला त्याने फारसं बिघडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेन वापरतं. नव्या ४.० स्लॉटमध्ये त्यातून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात, इथे फक्त २. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरची चित्रं) रॅममधून याच बोळातून आणायचे, आणि गेम दर वळणावर दचकतो. किंमत बघून हे कार्ड जुन्या बोर्डासाठी घेणं म्हणजे पैसे घालून दुखणं विकत घेणं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुनं कार्ड घ्यायचं तर दोन गोष्टी जपा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वर्षानुवर्षं अहोरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. चिप सहसा ठीक असते, पंख्यांचे बेअरिंग मात्र गेलेले असतात. आणि आरएक्स ५८०च्या नावापुढे ‘२०४८ एसपी’ असेल तर ते मुळात ५७०च्या ताकदीचं आहे. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम चालवूनच पैसे द्यावेत, बनावट बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) घातलेली बरीच कार्डं तो पकडतो.

बसवणं त्या मानाने सोपं. पट्टीने कॅबिनेटची आतली लांबी मोजून ठेवा, हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. मदरबोर्डचं बायोस अपडेट करायचं तर जुनं कार्ड असतानाच करा, नंतर काळ्या पडद्यासमोर ते करणं अवघड जातं. इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयू या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर काढायचा, प्लग उपसायचा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवायची. स्लॉटच्या टोकाचा खटका दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. तो मोडला की पुढचं कार्ड स्क्रूच्याच भरवशावर. नवं कार्ड सरळ दाबलं की खटका आपोआप ‘टक्’ करून बसतो. एचडीएमआय केबल मदरबोर्डला नव्हे, कार्डाला लावायची. मॉनिटर जुन्या व्हीजीए केबलचाच असेल तर सर्किट असलेला अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल.

राहिला टेबलाखालचा यूपीएस. ६०० व्हीएचा म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा. आरएक्स ६६०० लावून गेम चालू असताना मॉनिटरसकट भार अडीचशेच्या पुढे सहज जातो. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर वीज गेल्या क्षणी सगळंच बंद. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर फ्रेमरेट ६०वर अडवून ठेवा. वरचे फ्रेम तसेही दिसत नाहीत, आणि हलक्या गेममध्ये कार्डाची भूक बरीच कमी होते. तेवढ्याने भागलं नाही तर आधी १२ व्होल्ट ७ एएचची नवी बॅटरी टाकून बघावी, १ केव्हीएच्या यूपीएसचा विचार त्यानंतर.