मागचं चाक: दोष रिमवर नव्हताच

माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा ट्युब्युलर टायर (ट्यूब आतच शिवलेला, रिमवर चिकटवून बसवायचा टायर) एका जागी धरतच नव्हता. ती रड वाचत आलेल्यांना आधी निकाल सांगतो. धरलं! व्हॉल्व्हच्या बरोबर समोरचा, डाव्या बाजूचा तो वीतभर तुकडा प्रत्येक वेळी अंगठ्यांच्या दाबाखाली तोंड उघडायचा. आता दोन्ही अंगठे दुखेपर्यंत रेटलं तरी हलत नाही. आणि कारण निघालं ते आपण सगळे जिथे शोधत होतो तिथे नव्हतंच.

संशय रिमवर घेण्याला कारण होतं. बहुतेक रिमांचा सांधा व्हॉल्व्हच्या भोकासमोरच येतो. शिवाय टायर व्हॉल्व्हपासून चढवायला घेतला की शेवटी ओढून, अंगठ्यांनी उचलून रिमवर टाकावा लागतो तो भागही तोच. त्या ओढाताणीत ओलं मॅस्टिक, म्हणजे टायर रिमला चिकटवायचा गोंद, पुसलं जातं. म्हणजे एकाच जागी दोन आरोपी. सांध्यावरची बारीक पायरी पॉलिश पेपरने घासली, स्पिरिटने पुसून घेतली, रिमवर मॅस्टिकचा पातळ थर, चोवीस तास, दुसरा थर, पुन्हा चोवीस तास, मग शेवटचा हात आणि चिकट असतानाच टायर. टायर बसल्यावर तेवढा तुकडा परत उचलून दोन्हीकडे ब्रश फिरवला आणि दाबून बसवला. सगळं नियमाने. हवा सोडून अंगठे लावले की तीच जागा, तशीच.

मग खापर पावसाळ्यावर फोडलं. साताऱ्यात या दिवसांत हवेत इतकं पाणी असतं की मॅस्टिकमधला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर ओल धरते, हे खरं आहे. पण दमट हवा एकाच वीतभर तुकड्याला का धरेल? पुढचं चाक त्याच खोलीत, त्याच ट्यूबमधल्या मॅस्टिकने लावलेलं, आणि ते दगडासारखं घट्ट.

कोडं सुटलं ते टायर उलटा चढवल्यावर. म्हणजे डावी बाजू उजवीकडे. व्हॉल्व्ह जागेवरच राहतो, त्यामुळे टायर फिरवून दुसऱ्या जागी नेता येत नाही, पण पालथा करता येतो. नक्षीची दिशा चाचणीपुरती विसरायची. चढवला, ११० पीएसआय भरली, दुसऱ्या दिवशी हवा सोडली, अंगठे लावले. तोंड उजवीकडे उघडलं! रिम तीच, सांधा तोच, ओढाताण त्याच जागी, पण दोष टायरबरोबर बाजू बदलून गेला. त्या क्षणी रिम निर्दोष सुटली.

आता भिंग घेऊन बसलो. इथे थर नीट मोजले पाहिजेत: रिम, तिच्यावर मॅस्टिक, त्यावर टायरच्या तळाची सुती फीत, आणि फितीच्या वर केसिंग, म्हणजे टायरचं कापडी अंग. आपण कायम रिम आणि फीत यांच्यातल्या जोडाबद्दल बोलतो. फीत केसिंगला कारखान्यातच लॅटेक्सने चिकटवलेली असते, त्या जोडाकडे कुणी बघत नाही. माझ्या टायरवर मॅस्टिकने फीत घट्ट धरली होती आणि केसिंग फितीवरून सुटत होतं, पुरणपोळीचा पापुद्रा सुटावा तसं. अंगठ्याने उघडलेल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीत सुती विण दिसायची ती फितीची खालची बाजू वाटायची. होती वरची. तिच्यावर मॅस्टिकचा ठिपका नव्हता, फक्त वाळलेल्या लॅटेक्सचा पिवळट भुगा होता. टायर पूर्ण काढला की फितीची कड आपोआप केसिंगवर पडून राहायची, आणि बाहेर काढलेला टायर तपासताना सगळं शाबूत दिसायचं.

म्हणून कुणाच्या चाकाला असा हट्टी तुकडा असेल तर पहिला प्रश्न हाच: फटीत दिसणाऱ्या दोन पृष्ठभागांपैकी मॅस्टिक कुठे आहे? एका बाजूला चकचकीत धातू असेल तर रिमची साफसफाई कमी. दोन्हीकडे मॅस्टिक असेल तर थर वाळण्याची किंवा चिकटपणाची वेळ चुकली. कुठेच मॅस्टिक नसेल तर फीत सुटली आहे, रिमवर कितीही थर चढवा, उपयोग शून्य.

टायर विकणाऱ्याचं नाव घेत नाही, पण मत सांगतो: ट्युब्युलर घेताना स्वस्त जुना स्टॉक घेऊ नये. बाजूच्या भिंतीला आणि फितीच्या कडेला नख लावून बघावं, कड उचलली गेली तर परत ठेवावा. नक्षी नवी दिसते म्हणून आतलं लॅटेक्स नवं नसतं.

यात काय एवढं, असं विचारणाऱ्यांना २००३ च्या टूर दी फ्रान्समधला स्पॅनिश सायकलपटू होसेबा बेलोकी आठवावा. गाप गावाकडे उतरताना उन्हाने वितळलेल्या डांबरावर त्याचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निघाला. मांडी, कोपर आणि मनगट मोडलं. आधीच्या तीन टूरमध्ये तिसरा, तिसरा आणि दुसरा आलेला माणूस होता तो. आपल्या यवतेश्वर घाटात वेग तेवढा नसेल, पण रिम ब्रेकने तापलेली रिम आणि मऊ पडलेलं मॅस्टिक हे गणित तेच. चांगल्या जोडाचा फायदाही घाटातच कळतो, पंक्चर झालेला ट्युब्युलर रिमवर टिकून राहतो आणि सावकाश थांबता येतं.

लॅटेक्स मिळवायला वेळ गेला. बाहेरच्या छोट्या डब्या येईपर्यंत पाऊस संपला असता. चपला चिकटवायचं सोल्युशन वापर, असा सल्ला दोन मेकॅनिकांनी दिला. तो मी मानत नाही. ते वाळल्यावर लॅटेक्सपेक्षा कडक होतं आणि केसिंग प्रत्येक फेऱ्यात वाकतं, तिथे लवचीक जोडच हवा. मग डोक्यात आलं की गणपतीचे रबरी साचे याच द्रवरूप लॅटेक्सचे करतात! मूळ मूर्तीवर ब्रशने थरावर थर चढवत साचा तयार होतो. मूर्तिकार काकांच्या कारखान्यात सध्या पाय ठेवायला जागा नाही, तरी त्यांनी छोटी बाटली भरून दिली आणि एकच ताकीद दिली, "जाड नका लावू, आत वलं ऱ्हातंय." हे साधारण ६० टक्के रबर असलेलं, अमोनिया घालून टिकवलेलं लॅटेक्स. खिडकी उघडी ठेवा, डोळ्यांत पाणी येतं.

काम असं केलं. फितीची सुटलेली कड, आणि तिच्या दोन्ही टोकांना आणखी दोन-दोन बोटं, हलकेच उचलली. जुना भुगा कोरड्या टूथब्रशने झाडला. पेट्रोल किंवा थिनर लावायचा मोह आवरायचा, त्याने शेजारचं चांगलं लॅटेक्सही फुगून सुटतं. केसिंगवर एक पातळ हात, फितीवर एक. लॅटेक्स दुधासारखं पांढरं असतं, पाणी उडालं की पारदर्शक पिवळसर होतं. तेवढं होईपर्यंत जोडायचं नाही. या हवेत ते होईचना, म्हणून टायर खोक्यात ठेवून आत साठ वॉटचा जुना बल्ब लावला. लॅटेक्समध्ये पाणी असतं म्हणून हे चालतं. मॅस्टिकच्या चाकाजवळ बल्ब नको, त्याचा सॉल्व्हंट पेट घेतो. दोन्ही बाजू पारदर्शक झाल्यावर एकमेकींवर ठेवल्या, तत्क्षणी धरल्या. सरकवून जुळवायला वाव नसतो, म्हणून एका टोकापासून नखभर-नखभर खाली घ्यायचं. मग टायरमध्ये थोडी हवा आणि वरून कपड्यांचे चिमटे, एक रात्र.

दुसऱ्या दिवशी ती कड नखाने उचलायचा प्रयत्न केला. नख वळलं, कड नाही. खूप बरं वाटलं.

एक लहान बातमी पुढच्या चाकाची. दर फेऱ्याला लागणारा तो ठोका गेला. व्हॉल्व्हच्या बुडाशी टायरमध्ये जी गाठ असते तिला रिममध्ये जागा नव्हती. टायरच्या बाजूने भोकाची कड कानसीने तिरकी केली, गाठ आत बसली आणि चाक आता पाण्यासारखं फिरतं. ब्रशबद्दलही सांगून टाकतो, महागड्या ब्रशची गरज नाही. सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पत्र्याच्या दांड्याचा ब्रश घ्या आणि केस अर्धे कापा, तो कडक होतो आणि थर पातळ जातो.

मागचं चाक परत लावून पावसाच्या उघडिपीत यवतेश्वरावरून समर्थ मंदिराकडे उतरलो, मुद्दाम ब्रेक ओढत. खाली येऊन रिमला हात लावला तर नीट टेकवत नव्हता. हवा सोडली, अंगठे लावले. जोड शाबूत. खरी परीक्षा मार्चच्या उन्हात, पण इथवर समाधान आहे.

नवा मागचा टायर मागवायचा बेत होता, तो रद्द. त्याऐवजी सीटखालचा जादा टायर आधी तपासतो, तो त्याच खेपेतला आहे. मधे चपडा लाखेचाही विचार आला होता. ट्रॅकवर शर्यती करणारे लोक पूर्वी लाखेने टायर लावायचे, जोड कडक असल्याने चाक हलकं पळतं, आणि पॉलिशवाल्याकडे ती सहज मिळते. पण लाख ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते, घाटाच्या रिमवर नकोच.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. मेढ्याच्या रस्त्यासाठी २८ मिमीचा टायर लावायचाय आणि माझ्या रिमचा खळगा अरुंद गोलाईचा आहे, म्हणजे टायर कडांवर टेकेल आणि मधे पोकळी राहील. सायक्लोक्रॉसमधले (चिखलमातीतल्या सायकल शर्यतींमधले) बेल्जियन लोक ती पोकळी सुती पट्टीने आणि मॅस्टिकने भरतात. शिवणकामाच्या दुकानात पातळ सुती फीत मीटरवर मिळते. आधी टायरच्या फितीवर खडू घासून तो कोरडाच चढवतो, हवा भरून काढतो. रिमवर खडू जिथे उमटणार नाही तेवढ्याच रुंदीची फीत घ्यायची.